चिंगी कुणाला शोधत होती?

मन्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी वॉशिंग मशीनवर चढून बसली. तिथं ती कधीच बसायची नाही. ती जागा मन्याची. मशीन थरथरायला लागलं की मन्याला गाढ झोप लागायची आणि चिंगी खालून एकदा त्याच्याकडे बघून निघून जायची. दोघांचं फारसं पटत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. एका ताटलीत खायचे नाहीत. खिडकीतल्या जागेवरून रोज गुरगुर व्हायची. थंडी पडली की मात्र एकाचं शेपूट कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे कळू नये इतके गुंतून झोपायचे.

मन्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. शेवटच्या दिवशी त्याला दवाखान्यातून घरी आणलंच नाही. सगळं परस्पर उरकलं. घरी आला तो रिकामा पिंजरा. चिंगीनं तो आतून-बाहेरून हुंगला, आत शिरली, तिथल्या तिथं वळली, बाहेर आली आणि दारापाशी जाऊन बसली. त्या रात्री दोनच्या सुमाराला ती घरभर फिरत ओरडायला लागली. नेहमीचं म्याव नव्हतं ते. लांबट, खालच्या पट्टीतला आवाज, आणि प्रत्येक खोलीच्या दारात थोडं थांबणं.

आई म्हणाली, "शोधतेय गं ती त्याला."

बाबा कूस बदलत म्हणाले, "मांजर आहे ते. चार दिवसांत विसरेल."

मला तेव्हा दोघांचाही राग आला. नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की त्या रात्री आमच्या घरात बोलली गेलेली ही दोन वाक्यं फार जुनी आहेत. एका जनावराला दुसऱ्या जनावराचं दुःख होतं का, या प्रश्नाचा सगळा इतिहास या दोन वाक्यांमधलं भांडण आहे.

क्रौंचाची मादी

आपल्याकडे तर कवितेचा उगमच इथे सांगितला जातो. तमसा नदीच्या काठी क्रौंच पक्ष्यांची एक जोडी रमलेली असते. निषादाचा बाण लागून नर पडतो. मादी आक्रोश करते. ते पाहून वाल्मीकींच्या तोंडून जे निघतं तो पहिला श्लोक. शोकातून श्लोक जन्मला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय.

पण ही गोष्ट पुन्हा एकदा नीट बघा. शोक आधी कुणाला झाला? त्या मादीला. ऋषींना झाला तो तिचा शोक पाहून. म्हणजे आपल्या परंपरेनं आदिकाव्याच्या दारातच एका पक्षिणीचं दुःख ठेवलंय, आणि तिला दुःख झालं की नाही याबद्दल तिथं कुणालाही शंका नाही. शंका नाही, पण पुढची चौकशीही नाही. कथा लगेच कवीकडे वळते, मग रामाकडे. त्या मादीचं पुढे काय झालं, ती किती दिवस त्या काठावर फिरत राहिली, हे कुणी विचारलं नाही. तिचं दुःख आपल्याला हवं होतं ते आपली कविता सुरू व्हावी म्हणून.

दगडात कोरलेले कुत्रे

प्राण्यांच्या भावनांची आठवण माणसानं दगडात करून ठेवली, तेव्हाही असंच झालं. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर इथे एक वीरगळ सापडला. दहाव्या शतकाच्या मध्यातला, राष्ट्रकूट आणि गंगांच्या काळातला. त्यावर काळी नावाचं शिकारी कुत्रं रानडुकराशी झुंजताना कोरलंय. दोघंही त्या झुंजीत मेली. हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण ते मालकासाठी लढलं.

रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली अशी आख्यायिका. त्याचं स्मारक विसाव्या शतकातलं. या कथेला समकालीन पुरावा नाही, असं अनेक अभ्यासक सांगतात. २०१२ मध्ये तो पुतळा उखडला गेला आणि काही दिवसांत पुन्हा बसवला गेला. वाद आजही मिटलेला नाही.

स्कॉटलंडमध्ये एडिनबरा शहरात ग्रेफ्रायर्स बॉबी आहे. १८५८ मध्ये मालक वारला, आणि १८७२ मध्ये स्वतः मरेपर्यंत चौदा वर्षं तो मालकाच्या थडग्याजवळ राहिला, अशी गोष्ट. पुढच्याच वर्षी त्याचा पुतळा झाला. यान बाँडेसन या अभ्यासकानं २०११ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं की ही गोष्ट बरीचशी लोकांनी घडवलेली असावी. दफनभूमीत खाऊ मिळतो म्हणून राहिलेलं कुत्रं, आणि बहुधा एक नव्हे तर एकामागून एक दोन कुत्री. टोकियोच्या शिबुया स्टेशनवरचा हाचिको मात्र पूर्णपणे खरा. त्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये कामावर असतानाच गेले आणि हाचिको मार्च १९३५ पर्यंत स्टेशनवर येत राहिला. त्याचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये उभा राहिला.

या सगळ्या स्मारकांत एक गोष्ट सारखी आहे. कुत्रा ज्याच्यासाठी झुरतो तो प्रत्येक वेळी माणूस असतो. आपण या दुःखाला निष्ठा म्हणतो, इमान म्हणतो, आणि त्यातून आपल्यालाच थोडं मोठं झाल्यासारखं वाटतं. हाचिकोला टोकियोत दुसरं कुठलं कुत्रं प्रिय होतं का? बॉबीच्या आधीचं किंवा नंतरचं जे दुसरं कुत्रं त्या दफनभूमीत असेल, त्याचं काय? दगडात ते सापडत नाही. घरातल्या एका जनावराचं दुसऱ्यावाचून काय होतं, हे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणि गोठ्यात घडत राहिलं. त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

गोठ्यातलं ज्ञान

नोंद नव्हती, याचा अर्थ माहिती नव्हती असा नाही. वासरू दगावलं की गाय किंवा म्हैस पान्हा चोरते. दूध आटू नये म्हणून मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर उभं करायचं, तिला चाटू द्यायचं आणि धार काढायची, ही रीत आपल्या देशात ठिकठिकाणी होती. या युक्तीकडे जरा वेगळ्या बाजूनं पाहा. दुःखच नसेल तर फसवायचं कशाला? ज्यानं ही युक्ती काढली त्याला तिचं दुःख पुरतं कळलेलं होतं. त्याला ते दूध काढण्यापुरतं थांबवायचं होतं, एवढंच.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असं म्हणणाऱ्या भाषेला जोडीनं राहणाऱ्या जनावरांचं एकमेकांवाचून काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

हे मला बाबांनीच सांगितलं. "चार दिवसांत विसरेल" म्हणणाऱ्या बाबांनी, चिंगी ओरडायला लागली त्याच्या पाचव्या रात्री. ते लहान असताना आमच्या गावाकडच्या जोडीतला एक बैल साप चावून गेला. उरलेला बैल दावणीला मान खाली घालून उभा राहायचा. पुढ्यातला कडबा तसाच. रोज बांधायचे त्याच क्रमानं बांधला तर शेजारच्या रिकाम्या खुंट्याकडे तोंड करायचा. आजोबांनी दुसरा बैल आणला, तर हा त्याच्याबरोबर जुवाखाली मान द्यायला तयार होईना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पेरणी तोंडावर आली होती. आठ-दहा दिवसांत कामाला जुंपला. आजोबा म्हणाले, जनावर आहे, विसरेल."

ते वाक्य बाबांकडे कुठून आलं ते तेव्हा कळलं. उद्या ज्या बैलाच्या मानेवर जू ठेवायचं आहे, तो आज दुःखात आहे हे मान्य करणं शेतकऱ्याला परवडत नाही. "विसरेल" हे बैलाबद्दलचं निरीक्षण कमी आणि माणसाची गरज जास्त असते.

घड्याळाचा टोला

युरोपातल्या तत्त्वज्ञानानं याच गरजेला सिद्धान्ताचं रूप दिलं. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यानं १६३७ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांची तुलना यंत्रांशी केली. त्यांच्या हालचाली कितीही कुशल असल्या तरी आत विचार करणारा आत्मा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या काही अनुयायांनी तर कुत्र्याचं कळवळणं म्हणजे घड्याळाचा टोला, इतपत मजल मारली. जिवंत जनावरं कापून रक्ताभिसरणाचा अभ्यास करण्याचा तो काळ होता. यंत्राला दुखत नाही, हे मानणं त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या फार सोयीचं होतं.

सव्वादोनशे वर्षांनी चार्ल्स डार्विननं हा गड हलवला. माणूस आणि इतर प्राणी एकाच झाडाच्या फांद्या असतील, तर शरीरासारखीच मनाचीही मुळं एकच असणार. १८७१ च्या पुस्तकात त्यानं पिल्लू गमावलेल्या माकडिणींच्या दुःखाबद्दल लिहिलं. कैदेतल्या काही जातींच्या माद्या त्या धक्क्यानं मरतात, अशी नोंद त्यानं एका निसर्ग अभ्यासकाच्या हवाल्यानं दिली.

पण मला त्याच्या पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १८७२ च्या पुस्तकातला एक छोटासा तुकडा जास्त जवळचा वाटतो. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर, शरीरावर कशा उमटतात याबद्दलचं ते पुस्तक. त्यात डार्विन स्वतःच्या घरातल्या एका टेरिअर कुत्रीबद्दल सांगतो. तिची पिल्लं नुकतीच मारून टाकलेली होती. त्या काळी नको असलेली पिल्लं सर्रास मारत. मुळात प्रेमळ असलेली ती कुत्री त्यानंतर डार्विनच्या अंगाशी येऊन त्याचे हात चाटायला लागली आणि कितीही चाटलं तरी तिचं समाधान होईना. पिल्लांसाठीची माया ती माझ्यावर ओतते आहे, असा त्यानं अर्थ लावला.

एवढाच प्रसंग. घरात घडलेला, चार ओळींचा. पण हात चाटणारी ही कुत्री लक्षात ठेवा. ती दीडशे वर्षांनी पुन्हा भेटणार आहे.

पन्नास-साठ वर्षांचा गप्प बसलेला काळ

डार्विनचा तरुण सहकारी जॉर्ज रोमेन्स यानं १८८२ मध्ये प्राण्यांच्या बुद्धीवर मोठं पुस्तक काढलं. लोकांनी पत्रांनी कळवलेले किस्से त्यानं गोळा केले होते. आजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आमचा मोती तर अगदी माणसासारखा" म्हणून जे येतं, त्याच जातीचे बरेच किस्से. त्यावर टीका होणं साहजिक होतं.

ती टीका सगळ्यात नेमकी केली सी. लॉइड मॉर्गन यानं. त्याच्याकडे टोनी नावाचा फॉक्स टेरिअर होता. तो फाटकाची कडी डोक्यानं उचलून बाहेर पडायचा. पाहणारा म्हणायचा, काय हुशार कुत्रा! मॉर्गननं मात्र टोनीला हे शिकताना सुरुवातीपासून पाहिलं होतं. गजांमधून डोकं घालता घालता एकदा चुकून कडी उचलली गेली, मग पुन्हा, मग पुन्हा. १८९४ मध्ये त्यानं नियम मांडला: प्राण्याचं वागणं साध्या मानसिक प्रक्रियेनं समजत असेल, तर उगाच वरच्या पायरीवरची प्रक्रिया त्याला चिकटवू नका.

नियम चांगला होता. पण चांगल्या नियमाचीही भिंत होते. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसननं जाहीर केलं की मानसशास्त्रानं फक्त बाहेरून दिसणारं वागणं मोजावं, मनाबिनाच्या गोष्टी सोडून द्याव्यात. त्यानंतर काही दशकं प्रयोगशाळेत "कुत्रा दुःखी आहे" असं लिहिणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं. "हालचाल कमी झाली, अन्नग्रहण कमी झालं" असं लिहायचं. कशामुळे, ते विचारायचं नाही. त्याच कुत्र्याचे मालक घरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतेच. पण तो हात आणि ती वही यांची गाठ पडत नव्हती.

दुःख परत आलं ते मुलांच्या वॉर्डमधून

ही कोंडी फुटली ती गमतीशीर वाटेनं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन हे इस्पितळात आईपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचा अभ्यास करत होते. तेव्हा आईबापांना भेटायला फार थोडा वेळ मिळायचा. मूल आधी आकांत करतं, मग मलूल होऊन बसतं, आणि मग शांत झाल्यासारखं दिसतं. परिचारिकांना वाटायचं, रुळलं. रॉबर्टसननं १९५२ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं की ही शांतता म्हणजे रुळणं नव्हे. "चार दिवसांत विसरेल" हे वाक्य तेव्हा माणसांच्या मुलांबद्दलही बोललं जात होतं, हे वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला.

हे असं का होतं याचं उत्तर शोधताना बोल्बी प्राण्यांकडे वळला. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झनं राखाडी हंसांबद्दल लिहून ठेवलं होतं. जोडीदार हरवलेला हंस रात्रंदिवस हाका मारत फिरतो, ओळखीच्या सगळ्या जागा धुंडाळतो, आणि मग इतका खचतो की कालपर्यंत त्याला घाबरणारे हंसही त्याला हुसकावून लावतात. बोल्बीला मुलांमध्ये दिसलेलं तेच हे होतं: आधी शोध, मग खचणं. दुरावलेल्याला हाक मारणं ही पिल्लाच्या जगण्याची युक्ती आहे. हाक मारली तर आई सापडते. मरण आलं की तीच हाक चालू राहते, फक्त उत्तर येत नाही.

आफ्रिकेत गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल चिंपांझींना आकड्यांऐवजी नावं देत होती, आणि त्याबद्दल बोलणीही खात होती. १९७२ मध्ये म्हातारी फ्लो गेली. तिचा साडेआठ वर्षांचा मुलगा फ्लिंट स्वतःचं पोट भरण्याच्या वयाचा होता. पण त्यानं खाणं सोडलं, कळपापासून दूर राहिला, आणि महिन्याभरातच गेला.

मग मेंदूचा पुरावा आला. याक पांकसेप या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात आईपासून वेगळ्या केलेल्या कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. मॉर्फिनच्या अगदी छोट्या मात्रेनं त्यांचं रडणं कमी व्हायचं. म्हणजे दुराव्याची वेदना आणि शरीराची वेदना मेंदूत शेजारी-शेजारी राहतात, आणि एकच औषध दोन्ही शमवतं. ही व्यवस्था मेंदूच्या खोलवरच्या, जुन्या भागात आहे. ती माणसात आहे तशी कुत्र्यात आहे. पांकसेपनं पुढे तिला सरळ "शोक" हेच नाव दिलं.

यातला काटा चुकवू नये. प्राण्यांना दुरावा सोसवत नाही हे सिद्ध करायला पिल्लांना आयांपासून तोडावं लागलं. गोठ्यातल्या माणसाला जे माहीत होतं, ते विज्ञानाला पटलं तेव्हाही किंमत पिल्लांनीच मोजली.

शेवटी कुणीतरी घरात विचारलं

घरातल्या कुत्र्या-मांजरांबद्दल थेट प्रश्न विचारायला १९९० चं दशक उजाडलं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेनं १९९६ मध्ये, घरातलं एक जनावर गेल्यावर दुसऱ्याचं काय होतं, याची पाहणी केली. साथीदार गेल्यावर ३६ टक्के कुत्री नेहमीपेक्षा कमी खात होती, तर ११ टक्के कुत्र्यांनी खाणंच सोडलं होतं.

२०१६ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या १५९ कुत्र्यांची आणि १५२ मांजरांची माहिती प्रसिद्ध झाली. कुत्र्यांपैकी ३५ टक्क्यांचं खाणं घटलं होतं, ३४ टक्क्यांची झोप वाढली होती. मांजरांपैकी ४३ टक्के जास्त वेळा ओरडत होती. कुत्री आणि मांजरं दोन्ही, गेलेल्या साथीदाराच्या आवडत्या जागी जाऊन बसत होती.

हे वाचताना मला आमचं वॉशिंग मशीन दिसलं.

२०२२ मध्ये इटलीतल्या ४२६ मालकांची पाहणी आली. घरात किमान दोन कुत्री, त्यातलं एक गेलेलं. ८६ टक्के मालकांना उरलेल्या कुत्र्यात बदल दिसला. ५७ टक्के कमी खेळत होती, ३२ टक्के कमी खात होती. आणि सगळ्यात वर, ६७ टक्क्यांवर, काय होतं? माणसाकडे जास्त लक्ष मागणं. अंगाशी येणं, मागे मागे फिरणं. डार्विनचे हात चाटणारी ती कुत्री ती हीच. एका घरातला चार ओळींचा किस्सा, ज्याला विज्ञानानं मधली पन्नास-साठ वर्षं दारात उभं केलं नसतं, तो दीडशे वर्षांनी तक्त्यातला पहिला आकडा झाला होता.

त्याच अभ्यासात आणखी एक बारीक गोष्ट आहे. दोन कुत्री किती वर्षं एकत्र राहिली यापेक्षा त्यांचं नातं कसं होतं याला महत्त्व होतं. मैत्री होती का, आई-पिल्लू होते का. २०२४ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी चारशेहून जास्त मांजरांबद्दल विचारलं, तिथंही हेच. गेलेल्या मांजराशी किंवा कुत्र्याशी ज्यांचं चांगलं जमायचं, त्यांचं खाणं, झोपणं, खेळणं जास्त बिघडलं. "मांजर कुणाचंच नसतं" असं आपण सहज म्हणतो. ते निदान तपासून घ्यावं लागेल.

पण सांगतंय कोण?

इथे मॉर्गनला परत बोलवावं लागतं, आणि बोलवायलाच हवं. या सगळ्या पाहण्यांत उत्तरं मालकांनी दिलीत. इटलीच्या अभ्यासात मालकाचं स्वतःचं दुःख आणि कुत्र्याचं बिघडलेलं वागणं यांचा संबंध आढळला. मिशिगनच्या मांजरांबाबतही मालकाची ओढ जास्त, तिथं मांजराचं दुःख जास्त नोंदलेलं. याचे अर्थ दोन निघतात. आपलं दुःख जनावराला लागतं, हा एक. आपण आपलंच दुःख जनावरात पाहतो, हा दुसरा. कदाचित दोन्ही थोडे थोडे खरे असतील.

शिवाय साध्या शक्यता असतातच. घराचं वेळापत्रक बदललेलं असतं, फिरायला नेणं चुकलेलं असतं, माणसं रडत असतात. जो आजार पहिल्याला झाला तोच दुसऱ्याला लागलेला असू शकतो. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर "दुःखात आहे" म्हणून वाट बघत बसू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग तत्त्वज्ञान.

आणि मरण? ते चिंगीला कळलं असेल का? बार्बरा किंग या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१३ मध्ये प्राण्यांच्या शोकावर पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात हत्तींपासून किंवा देवमाशांपासून होत नाही, दोन सयामी बहिणींपासून होते: बहीण गेल्यावर घरभर आक्रोश करत फिरणाऱ्या एका मांजरीपासून. किंग यांची कसोटी साधी आहे. जे दोन प्राणी केवळ गरजेपलीकडे एकमेकांची सोबत निवडत होते, त्यातला एक गेल्यावर दुसऱ्याचं वागणं स्पष्टपणे बिघडलं, तो व्याकुळ दिसला, तर त्याला शोक म्हणावं. मरण म्हणजे काय हे त्याला कळलंच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

मला ही कसोटी पटते, कारण ती आपल्यालाही लागू पडते. आजी गेली तेव्हा मरण म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. तरी पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी तिच्या खोलीतला दिवा लागला की पाय तिकडे वळायचेच. कळणं आणि शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चिंगीकडे नसेल. दुसरी होती.

रात्री दोन वाजता

एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही. मन्या गेला त्याच दुपारी मी त्याची गोधडी धुवून टाकली. पिंजरा फिनाइलनं पुसला. त्या वस्तू मला डोळ्यांपुढे नको होत्या. मांजरं एकमेकांना ओळखतात ती मुख्यतः वासावर. एकमेकांना घासून, चाटून ती एक सामाईक वास तयार करतात, आणि तोच त्यांचं घर असतो. घरात मन्याचं जे काही उरलं होतं, ते मी माझं दुःख आवरण्यासाठी साबणाच्या पाण्यात सोडून दिलं. चिंगीसाठी काय उरलं, हा विचारच आला नाही. काही डॉक्टर सुचवतात की शक्य असेल तर उरलेल्या जनावराला गेलेल्याचं शरीर हुंगू द्यावं, त्याच्या वस्तू लगेच हलवू नयेत. त्यानं फरक पडला असता का, मी सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं की विचारायचं मनातच आलं नाही. वाल्मीकींच्या कथेतली मादी जशी पुढच्या ओळीत नाहीशी होते, तशीच त्या दुपारी चिंगी आमच्या घरात नाहीशी झाली होती. दुःख आमचं होतं. ती फक्त उरलेलं मांजर होती.

पाचव्या रात्री ती पुन्हा ओरडली तेव्हा बाबा उठले. मला वाटलं, हुसकावतील. ते हॉलमध्ये जाऊन अंधारात जमिनीवर बसले. चिंगी दोन खोल्या फिरून आली आणि त्यांच्या पायाशी अंग घासायला लागली. तेव्हाच त्यांनी त्या बैलाची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाले, "रिकाम्या खुंट्याकडे तोंड करायचा. मी लहान होतो, मला वाटायचं त्याला काहीतरी दिसतंय तिथं."

पुढच्या दीड महिन्यात चिंगीचं ओरडणं हळूहळू थांबलं. खाणंही पूर्ववत झालं. आम्हाला दोघा-तिघांनी सुचवलं की दुसरं पिल्लू आणा, तिचं मन रमेल. आम्ही थांबायचं ठरवलं. मन नक्की कुणाचं रमवायचं आहे, हे आधी आम्हालाच ठरवता येईना.

ती अजून वॉशिंग मशीनवर बसते. आई कपडे टाकायला आली की जरा सरकते. मशीन चालू करून ते थरथरायला लागलं, की मात्र उतरून जाते.